दुखत नाही ना, मग बघायचं काय?

आमच्या धंद्यात किस्से गोळा करावे लागत नाहीत. माठाच्या बुडाशी गाळ साठतो तसे ते आपले साठत जातात. माझी पंचाईत एवढीच की ते सांगायला जागा नाही. दाताचा डॉक्टर लग्नाच्या पंगतीत खुशाल किस्से सांगतो. मी नुसतं "परवा एक पेशंट आला" म्हटलं की शेजारी बसलेली आई माझ्या पायावर पाय ठेवते.

मी त्वचेची डॉक्टर. डिग्रीत "त्वचा व गुप्तरोग" असं पूर्ण लिहिलेलं आहे. आई लोकांना सांगताना पहिल्या शब्दावर थांबते. आत्याने एक स्थळ आणलं तेव्हा तिने आणखी काटछाट केली. "आमची मुलगी चेहऱ्याची डॉक्टर आहे," म्हणाली. मुलाच्या आईने कौतुकाने विचारलं, "फक्त चेहऱ्याचीच का हो?"

मी म्हटलं, "नाही हो, कातडी गळ्याशी संपत नाही."

कातडी संपली नाही, स्थळ मात्र तिथेच संपलं. तेव्हा किस्से इथे सांगते. माणसांची नावं बदलली आहेत. पेठ बदललेली नाही, कारण ती बदलत नाही.

*

मी काम करते तो दवाखाना कसबा पेठेत आहे. दवाखाना सरांचा, मी त्यांची असिस्टंट. समोर तांबटाचं दुकान. दिवसभर भांडी ठोकण्याचा आवाज. पेशंट कुजबुजत सांगणार, समोरून ठणठण होणार, आणि मी म्हणणार, "जरा मोठ्याने बोला." असा आमचा गुप्तरोग विभाग.

बाहेर एक लांब बाक आणि बाकासमोर मंदाताई. मंदाताई रिसेप्शनिस्ट, पण आवाज कीर्तनातला. दार उघडलं की पहिला प्रश्न, "काय होतंय?" तोही असा की बाकावरच्या सगळ्यांना उत्तराची उत्सुकता लागावी. पेठेत बाकावर बसलेला प्रत्येक माणूस दुसऱ्या कोणाचा तरी व्याही, भाडेकरू नाहीतर शाळासोबती असतोच.

यावर पुरुषांनी एक तोड काढली होती. कोणी विचारलं की म्हणायचं, "ते सरांनाच सांगतो."

झालं. "सरांनाच सांगतो" म्हटलं की संपूर्ण बाकाला कळायचं, तक्रार कुठली आहे ते. एक आजोबा तर खरोखर गजकर्ण दाखवायला आले होते, कोपरावरचं. चुकून "सरांनाच सांगतो" म्हणाले. बाकावरची माणसं इंचभर सरकली. आजोबांना कळेना. शेवटी त्यांनी बाही वर करून कोपर सगळ्यांना फिरवून दाखवलं आणि म्हणाले, "कोपर आहे. खात्री करून घ्या."

*

आता सरांबद्दल. सर हुशार आहेत, हे आधीच सांगते, कारण पुढे मी त्यांच्यावर चिडणार आहे. माणूस दारातून आत येईपर्यंत त्याच्या गालावरचा चट्टा कशाचा आहे ते सर ओळखतात. नखाला भिंग लावून पाहतात. टाळू उघडी करून पाहतात. फक्त एका भागावर ते श्रद्धेने उपचार करतात.

पुरुष पेशंट आला, मान खाली घालून पुटपुटला की सर विचारणार, "दुखतं का?"

"नाही."

"खाज? लघवीला जळजळ?"

"नाही."

"मग काही नाही. हे मलम लावा."

पेशंट खूश. सर खूश. पँटचा पट्टासुद्धा न हलता तपासणी पूर्ण.

मी पहिल्याच आठवड्यात म्हटलं, "सर, तुम्ही बघितलंच नाहीत."

"दुखत नाही ना, मग बघायचं काय?"

"सर, न दुखणाऱ्या दाण्याचे दहा प्रकार असतात. लिंगाच्या टोकाला, बोंडाच्या कडेने मोत्यांसारखी रांग असेल तर ती जन्माची ठेवण, आजार नाही. मधे खळगा असलेला गुळगुळीत दाणा असेल तर तो विषाणू, स्पर्शाने पसरतो. फ्लॉवरच्या तुऱ्यासारखा असेल तर चामखीळ, तिचा विषाणू वेगळा. आणि एकच कडक फोड, न दुखणारी, फुटलेली, असेल तर सिफिलिस. पाहिल्याशिवाय कसं कळणार? मलम काय, सगळ्यांना एकच?"

सरांनी चष्मा पुसला. "माणसाची लाज राखावी."

"तुम्ही नखाला भिंग लावता तेव्हा?"

"नख दाखवताना कोणी रडत नाही."

सरांचं हे असं असतं. वाद जिंकत नाहीत, पण शेवटचं वाक्य त्यांचं. मी मात्र रोज तेच धरून बसले. शेवटी कंटाळून ते म्हणाले, "बरं, बुधवारची संध्याकाळ तुझी. तसले पेशंट तू बघ. आले तर." त्या "आले तर" मध्ये त्यांची सगळी खात्री होती.

मी मंदाताईंना बजावलं, "बुधवारी कोणाला काय होतंय ते विचारायचं नाही."

मंदाताई दुखावल्या. "मग मी इथे बसून करू काय?"

*

पहिल्या बुधवारी एकच जण आला. निखिल. हिंजवडीत आयटी कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंगला, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा असेल. ऑफिसचं ओळखपत्र गळ्यात तसंच, फक्त नाव दिसू नये म्हणून उलटं केलेलं. केबिनमध्ये मला पाहिल्यावर तो म्हणाला, "डॉक्टर कुठे आहेत?"

"समोर."

त्याने मागे वळून पाहिलं. मग बसला.

"ॲक्चुअली मॅडम, माझ्या मित्राचा इश्यू आहे."

"बोला."

"त्याला तिथे बारीक दाणे आहेत."

"तिथे म्हणजे कुठे? पुण्यात?"

तो लाल झाला. "लिंगावर. कातडीवर. पिवळट पांढरे. रव्यासारखे. दुखत नाहीत. आधीपासून असतील, पण त्याचं लक्ष आता गेलं."

"आता का गेलं?"

"लग्न ठरलंय त्याचं. तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त आहे. त्याने नेटवर वाचलं, आणि मुलीला लागण झाली तर... तर तो लग्न मोडणार आहे."

"मुलीला काय सांगणार?"

"काही नाही. जॉबचं कारण देणार."

माझं डोकं तापलं. एक मुलगी तिकडे साड्या निवडत असेल, आणि इकडे एक माणूस स्वतःच रोग ठरवून, स्वतःच निकाल लावून, तिला खोटं कारण देऊन मोकळा होणार. कोणाला एकदा दाखवायचंसुद्धा नाही.

मी म्हटलं, "तुमच्या मित्राला सांगा, लग्न मोडायच्या आधी पँट सोड. पाच मिनिटांचं काम आहे. रव्यासारखे दाणे बहुतेक वेळा तेलाच्या ग्रंथी असतात, म्हणजे आजारच नाही. पण न बघता मी सांगणार नाही. पुढच्या बुधवारी घेऊन या त्याला."

तो "हो हो" करत पळाला.

*

पुढच्या बुधवारी निखिल खरोखर मित्राला घेऊन आला!

मित्राचं नाव अमोल. त्याचा फ्लॅटमेट. धिप्पाड, हसतमुख, एकदम निवांत. मी म्हटलं पडद्याआड जा, तो गेला. माझ्या तपासणीच्या वेळी मंदाताई पडद्याबाहेर पाठ करून उभ्या राहतात, तसा दवाखान्याचा नियमच आहे. उभ्या राहतात, पण गप्प राहतील तर शपथ. "लाजू नको रे बाळा," त्या पाठमोऱ्या म्हणाल्या, "मला घरी सगळे मुलगेच आहेत."

"नाही लाजत, मावशी," अमोल आतून म्हणाला.

मी दिवा लावला, हातमोजे चढवले, नीट पाहिलं. कातडी ताणून पाहिली. भिंगातून पाहिलं. काही म्हणजे काही नाही.

"तुम्हाला तर काहीच नाही," मी म्हटलं.

"माहितीये मॅडम," अमोल पँट चढवत शांतपणे म्हणाला. "पण हा म्हणाला, मॅडमनी मित्राला आणायला सांगितलंय, आणला नाही तर त्या पुढचं काही सांगणार नाहीत. म्हटलं चला, मैत्रीत एवढं तर करायला पाहिजे."

निखिल केबिनच्या कोपऱ्यात भिंतीवरच्या नायट्याच्या तक्त्याचा अभ्यास करत होता.

मी म्हटलं, "निखिल, आता तुम्ही जा पडद्याआड."

"मला मीटिंग आहे, मॅडम," असं म्हणून तो निघाला. मागोमाग अमोल. जाताना दारात थांबून म्हणाला, "सॉरी हां. तो घाबरतो. लग्नाचं कार्यालय रद्द करायला घरी फोन करणार होता, मी मोबाइल काढून घेतलाय."

*

मधल्या काळात सरांनीही एक पराक्रम केला. तो सांगायलाच हवा.

दवाखान्याच्या मोबाइलवर लोक फोटो पाठवतात. पुरळाचे, डागांचे. एका सद्गृहस्थांनी एक फोटो पाठवला, पण लाजेपोटी इतका कापून की त्यात आजूबाजूचं काहीच उरलं नव्हतं. कातडी, दोन-चार केस आणि मधे एक दाणा. खाली मेसेज, "दुखत नाही. काय करावे?"

मंदाताईंनी फोन डोळ्यांपासून लांब धरून पाहिला आणि माझ्याकडे दिला. मी पाहिलं. "सर, हे खालचं आहे. प्रत्यक्ष बोलवायला हवं."

सरांनी पाहिलं. "हनुवटी आहे."

"सर, हनुवटी नाही."

"दाढीचे केस आहेत. दाढी करताना कापलंय. तुला हल्ली सगळीकडे तेच दिसतं."

आणि त्यांनी उत्तर पाठवलं, "आठ दिवस दाढी करू नये."

दोन आठवड्यांनी एक गृहस्थ आले. काळीपांढरी भरघोस दाढी वाढलेली. सरांसमोर बसून अतिशय नम्रपणे म्हणाले, "डॉक्टर, आपण सांगितलंत तसं केलं. आठाचे पंधरा दिवस झाले. पण दाढीचा आणि त्याचा संबंध काय, हे मला अजून समजलेलं नाही."

सरांनी त्यांना माझ्याकडे पाठवलं. निघाली साधी चामखीळ. गोठवून टाकली. ते जाताना म्हणाले, "दाढी ठेवू का काढू?"

*

पुढचा किस्सा हसायचा नाही. पण तो सोडला तर बाकीच्यांना अर्थ राहत नाही.

पेठेतलेच एक काका. निवृत्त, प्रतिष्ठित, मंडळाच्या आरतीला ताट त्यांच्याच हातात. त्यांनी काही महिन्यांपूर्वी सरांना फोनवरून सांगितलं होतं, एक फोड आलीय, दुखत नाही. सरांनी फोनवरूनच मलम सांगितलं. फोड गेली. काकांनी पेढे पाठवले, ते मीही खाल्ले.

ते एका बुधवारी आले, कारण सर गावाला गेले होते. तळहातांवर डाग. तांबूस, तांब्याच्या जुन्या भांड्यावर पडतात तसे. खाज नाही, दुखत नाही.

मी विचारलं, "काका, याआधी खाली काही झालं होतं?"

"वयाचा मान ठेव जरा."

"वयाचा मान ठेवूनच विचारतेय. झालं होतं?"

मग त्यांनी मला आजकालच्या मुलींचं बोलणं, आजकालच्या मुलांचं वागणं आणि त्यांच्या काळचे संस्कार यांवर व्याख्यान दिलं. मी रक्ततपासणी लिहून दिली. रिपोर्ट आला. सिफिलिस.

पुन्हा आले तेव्हा व्याख्यान नव्हतं. "पण ती फोड दुखत नव्हती," एवढंच म्हणत राहिले. "आणि सरांच्या मलमाने गेली की."

"मलम लावलं नसतं तरी गेली असती. ती आपोआप जाते, काका. फोड जाते, रोग आतच राहतो. आता इंजेक्शनने बरा होईल. पण काकूंचंही रक्त तपासायला हवं."

"तिला काय सांगू?"

"खरं."

काकांनी माझ्या टेबलावरचा पेपरवेट सरळ केला. मग म्हणाले, "दुसरं काही सुचव."

सर परत आल्यावर मी रिपोर्ट त्यांच्यासमोर ठेवला. काही बोलले नाही, तेवढी अक्कल मला आहे. सरांनी तो दोनदा वाचला. म्हणाले, "वहिनींशी मी बोलतो. ते माझं काम आहे." आणि खरंच गेले, स्वतः, चालत, त्यांच्या घरी.

दुसऱ्या दिवशी सरांच्या केबिनमध्येही पडदा लागला.

*

निखिल परत आला तो मात्र चालता येत नव्हतं म्हणून आला. पाय फाकवून, भिंतीला धरून. अमोलने रिक्षातून उतरवला.

मंदाताईंनी बुधवारचा नियम पाळला. काय होतंय ते विचारलं नाही. फक्त म्हणाल्या, "अरे देवा, बसू नकोस, उभाच राहा."

या वेळी मित्राचं नाव निघालं नाही. पडद्याआड जाऊन त्याने मुकाट्याने दाखवलं. कातडी सोलवटून निघालेली, लालभडक.

"काय लावलंत?"

पडद्याबाहेरून अमोल म्हणाला, "पायाची कुरुपं काढायचं लिक्विड, मॅडम. कुरूप निघतं तर दाणे पण निघतील, असं याचं लॉजिक. रोज रात्री लावत होता."

"आणि ऑफिसात हा सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो?"

"टीम लीड आहे."

मी जखम धुतली, मलम लावलं, सांगितलं आठवडाभरात भरेल. जिथे ते लिक्विड लागलं नव्हतं तिथले दाणे भिंगातून नीट पाहिले. अगदी जे वाटलं होतं तेच. मी त्याला समजावलं, "या तेलाच्या ग्रंथी आहेत. अंगावर सगळीकडे असतात, केसाच्या मुळाशी लपलेल्या. इथे केस नाही म्हणून दिसतात. कातडी ताणली की जास्त दिसतात. वयात आल्यापासून तुमच्या सोबत आहेत. कोणाकडून आलेल्या नाहीत, कोणाला लागणार नाहीत. आजार एकच आहे, तो तुम्ही मेडिकलच्या दुकानातून विकत आणलात."

"मग दाण्यांवर औषध काय?"

"औषध नाही. आजार नाही तर औषध कशाचं?"

त्याचा चेहरा पडला. ही आपल्या लोकांची गंमत आहे. रोग आहे म्हटलं तर विश्वास बसतो. काही नाही म्हटलं की वाटतं, डॉक्टरला कळलं नाही. सरांकडे यासाठी व्हिटॅमिनची गोळी आहे, ते ती देऊन टाकतात. मी देत नाही. खोटी गोळी दिली की खरा आजार होता हे पक्कं होतं.

"मॅडम, तुम्ही लहान आहात," निखिल म्हणाला. "सॉरी, पण अनुभव... मी घरी सांगून टाकलंय, लग्न करायचं नाही म्हणून. बाबा चिडलेत. ते येणारेत इथे."

"इथे कशाला?"

"माझ्या बॅगेत त्यांना तुमची फाइल सापडली."

*

ते आले. निखिलचे वडील, आई आणि मधे निखिल, पकडून आणलेला. वडील खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात होते, बरीच वर्षं नाइट शिफ्टला, आता निवृत्त. मूळ गाव वऱ्हाडात, जन्म क्वार्टरमध्ये गेला तरी बोलण्यातला तिकडचा हेल गेलेला नाही. इस्त्रीचा शर्ट, बटण गळ्यापर्यंत. आई बाहेर बाकावर बसली. वडील आणि मुलगा आत.

वडिलांनी खुर्ची ओढली नाही. उभ्यानेच म्हणाले, "तुम्ही डॉक्टरीण? काऊन हो, माझ्या पोराला असं काय सांगितलं तुम्ही? पत्रिका छापून झाल्या. पोरीच्या बापाला मी कोणत्या तोंडानं सांगू?"

"काका, पेशंटचं मी दुसऱ्या कोणाला सांगत नाही."

"मी बाप आहे."

"म्हणूनच नाही."

ते माझ्यावर ओरडणार होते. मी तयारच होते. मोठ्या माणसांनी माझ्यावर ओरडायचं आणि मी त्यांना उलट बोलायचं, याचा मला सराव आहे. पण निखिल मधेच म्हणाला, "मॅडम, तुम्हीच सांगा. माझ्याच्याने नाही होत."

मग मी सांगितलं. लिंग म्हटलं, कातडी म्हटलं, दाणे म्हटलं, सगळं स्वच्छ मराठीत. तेलाच्या ग्रंथी आहेत, निरुपद्रवी आहेत, बायकोला लागत नाहीत, मुलाबाळांना अडचण नाही, औषध नाही, लग्न मोडायचं काही कारण नाही.

वडील ऐकत होते. राग कुठे गेला कळलं नाही. हळूच खुर्चीत बसले.

"रव्यासारखे?" त्यांनी विचारलं.

"हो."

"पिवळट?"

"हो."

"आणि हे काहीच नसते म्हणता?"

"काहीच नाही."

"असं कसं काहीच नसते?" आवाज चढला, पण तो राग नव्हता. "एवढं दिसते, आणि काहीच नसते? तुमचं शिक्षण किती झालं?"

आता मात्र मला राहवेना. तक्ता दाखवून उपयोग नव्हता, फोटो दाखवून तर मुळीच नव्हता. मी खुर्ची पुढे ओढली, टेबलावरचा दिवा माझ्याच तोंडावर वळवला आणि वरचा ओठ दोन बोटांनी उलटा केला. माझ्या ओठाच्या कडेला तेच दाणे आहेत, कॉलेजपासून. पुष्कळांना असतात, लिपस्टिकखाली जातात.

"हे बघा," मी ओठ धरून म्हटलं. "हेच आहे. हेच, फक्त जागा वेगळी. मला कोणी वाळीत टाकलेलं नाही."

ते चष्मा काढून, पुन्हा लावून, जवळ येऊन माझा ओठ बघत राहिले. निखिलही बघत होता. समोर तांबटाची ठोकाठोक चालू होती.

"हेच?" वडील म्हणाले.

"हेच."

"बायकोला लागत नाही?"

"नाही."

"तेव्हाही लागलं नसतं?"

मी म्हटलं, "तेव्हा म्हणजे कधी?"

ते निखिलकडे वळून म्हणाले, "तू बाहेर जा. कार्यालयवाल्याला फोन लाव. सांग, काही रद्द नाही, तारीख तीच आहे. अन् आईला आत पाठव."

निखिल उठला. मोबाइल काढत बाहेर गेला. आई आत आली. बारीक चणीची बाई, पर्स दोन्ही हातांनी धरलेली. कोणाचं काय चुकलंय हे आधी कळू दे, मग बसते, अशी उभी.

"बस," वडील म्हणाले. मग मला म्हणाले, "मॅडम, तो ओठ हिला दाखवा."

"काका, ओठ कशाला, मी सांगते ना नीट."

"नाही. ओठच दाखवा. अन् मला जे सांगितलं, ते सगळं सांगा. पहिल्यापासून."

मी पुन्हा दिवा वळवला, पुन्हा ओठ उलटा केला, आणि ओठ धरल्याधरल्या बोबडं बोलत सगळं पुन्हा सांगितलं. पुरुषांना खाली असतात, आजार नसतो, बायकोला लागत नाही, कधीच लागत नाही.

आईने माझ्या ओठाकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे पाहिलं. ते छताच्या पंख्याकडे बघत होते. मी ओठ सोडला तरी तिचं लक्ष नव्हतं.

"म्हणजे नाइट शिफ्ट तुम्ही मागून घेत होता?" तिने विचारलं.

"हाव," ते म्हणाले.

तिने पर्स मांडीवर ठेवली.

"आणि मी इतकी वर्षं त्या फोरमनला शिव्या देत होते."